मानेचा मणका : सांधावा कीं हलता ठेवावा ?

रायगड जिल्ह्यांतील चौल हें गांव अलिबागच्या दक्षिणेस सुमारें १५ किलोमीटरांवर, कुंडलिका नदी जेथें समुद्रास मिळते त्या परिसरांत, नारळी-पोफळींच्या दाट छायेंत वसलेलें आहे. ग्रीक भूगोलवेत्ता टॉलेमी याच्या ग्रंथांत ‘सिमुल्ल’ म्हणून आणि अरब प्रवाशांच्या वृत्तांतांत ‘सैमूर’ म्हणून ज्या बंदराचा उल्लेख येतो तें हेंच, असें इतिहासकार मानतात. पोर्तुगीजांचा अंमल येथून १७४० सालीं उठला; पुढें बंदरहि ओसरलें आणि वाड्या तेवढ्या राहिल्या. परंतु बंदराच्या भरभराटींत काय किंवा वाडीच्या शांततेंत काय, चौलच्या श्रमाचा भार एका अवयवावर सारखाच पडत आला. तो अवयव म्हणजे माणसाची मान. गलबतांतून उतरलेला माल हमालाच्या डोईवरून वखारींत गेला. रेवदंड्याच्या कोळणीची मासळीची पाटी चुंबळीवर बसून बाजारास गेली. वाडींतील गडी मान मागें टाकून पोफळीच्या शेंड्याकडे पाहत वर चढला व घड घेऊन उतरला. आज त्यांत दुचाकीवरील धक्क्यांची आणि संगणकापुढें वांकून बसण्याची भर पडली आहे.

अशी मान केव्हां तरी कुरकुरूं लागते. प्रथम ती आखडते. मग कळ खांद्यावरून दंडांत आणि दंडांतून बोटांच्या टोकांपर्यंत जाते. अंगठा बधिर होतो, हातांतील वस्तु निसटते. शेक, मलम, गळपट्टा यांनीं गुण येईनासा झाला म्हणजे माणूस अलिबागेस जातो आणि तेथून मुंबईस. मुंबईचा शस्त्रवैद्य त्याच्यापुढें बहुधा दोन नांवें ठेवतो : मणके सांधण्याची शस्त्रक्रिया आणि कृत्रिम गादी बसविण्याची शस्त्रक्रिया. पहिलीनें दोन मणके कायमचे एक होतात. दुसरीनें त्यांच्यामधील हालचाल कायम राहते. ऐकणारास सहजच वाटतें कीं, हलतें तें नवें व चांगलें, आणि जखडलेलें तें जुनें व वाईट. या दोन शस्त्रक्रियांचा इतिहास मात्र इतका सरळ नाहीं. आणि तो ठाऊक नसतां निवड करणें म्हणजे न वाचलेल्या कागदावर सही करण्यासारखें आहे.

मानेंत मणके सात असतात. साडेचार ते पांच किलो वजनाचें मस्तक ते तोलून धरतात. त्यांच्या पोकळींतून मज्जारज्जु खालीं जातो आणि मज्जातंतूंच्या आठ जोड्या दोहों बाजूंनीं बाहेर पडतात. पहिल्या व दुसऱ्या मणक्यांच्या मध्यें गादी नाहीं. जात्याच्या खुंट्याभोंवतीं वरची तळी फिरावी त्याप्रमाणें दुसऱ्या मणक्याच्या उभ्या दांत्याभोंवतीं पहिला मणका फिरतो, आणि मान डावीकडे-उजवीकडे वळण्याचें जवळजवळ निम्मे काम या एकाच सांध्यांत होतें. त्याच्या खालीं मात्र प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्यें एक गादी असते : बाहेर चिवट तंतूंचें कडें आणि आंत मऊ गाभा. वयोमानानें गाभ्यांतील पाणी आटतें, कडें चिरतें, गाभा मागें सरकतो, मणक्यांच्या कडांवर हाडाचीं टोकें वाढतात. तंतूच्या मुळावर दाब आला तर एका हातास कळ लागते. खुद्द मज्जारज्जूवर दाब आला तर बोटांचें कौशल्य जातें, गुंडी लावतां येत नाहीं, चालतांना पाय लटपटतात. पहिला विकार बहुतेक वेळां पीडा देऊन ओसरतो. दुसरा हळूहळू पंगु करतो. हा भेद ध्यानांत असल्यावांचून पुढील इतिहासाचा अर्थ लागावयाचा नाहीं.

हीं दुखणीं नवीं नव्हत. आयुर्वेदाच्या ग्रंथांत वातव्याधींमध्यें ‘मन्यास्तंभ’ म्हणजे मान ताठ होणें, आणि ‘विश्वाची’ म्हणजे दंडापासून बोटांपर्यंत उतरून हात निकामी करणारी व्यथा, अशीं दोन वर्णनें आढळतात. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत मान पिरगळली अथवा आंत दबली असतां काय करावें तें सांगितलें आहे : मानेच्या मागील बाजूस व जबड्यास धरून मस्तक वर उचलावें, कुश म्हणजे पट्ट्या लावून वस्त्रानें बांधावें, आणि रोग्यास सात रात्री उताणें निजवावें. आधीं ताण देऊन दाब कमी करावयाचा आणि मग मान निश्चल ठेवावयाची, असा हा क्रम आहे. दाब काढणें आणि स्थैर्य देणें हीं दोन कामें तेव्हांपासून आजतागायत शस्त्रवैद्यापुढें उभीं आहेत; साधनें तेवढीं बदललीं.

शरीराच्या आंत शिरून कण्यास स्थैर्य देण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांतल्या गॅल्व्हेस्टन गांवच्या बर्थोल्ड हाड्रा यांचें नांव प्रामुख्यानें घेतात. १८९१ सालीं त्यांनीं मोडलेल्या मानेचे मणके चांदीच्या तारेनें एकमेकांस बांधले. त्यानंतर २० वर्षांनीं, १९११ मध्यें, न्यूयॉर्क येथें रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या दोघांनीं आपापल्या स्वतंत्र रीतीनें मणके सांधून दाखविले. हिब्ज यांनीं मणक्यांच्याच मागील हाडाचे कपचे एकावर एक बसविले. आल्बी यांनीं नडगीच्या हाडाचा तुकडा कण्यांत कलम केला. दोघांपुढें मुख्य शत्रु एकच होता, तो म्हणजे हाडाचा क्षय. त्या काळीं क्षयावर औषध नव्हतें. किडलेला कणा वांकत जाई आणि मज्जारज्जु चिरडून माणूस लुळा होई. अशा कण्यास हालचाल म्हणजे संकट आणि स्थैर्य म्हणजे जीवदान. मणके सांधण्याची कल्पना जन्मास आली ती या गरजेंतून. पुढें १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, औषधें हातीं आलीं, आणि काशी हिंदु विश्वविद्यालयांतील डॉ. सुरेन्द्र मोहन तुली यांनीं क्षयग्रस्त कण्यासाठीं ‘मध्यम मार्ग’ आंखला : सर्वांस औषध, आणि शस्त्र फक्त ज्यांस त्याची खरी गरज आहे त्यांस. १९७५ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जें हत्यार एका काळीं अपरिहार्य असतें तें दुसऱ्या काळीं निवडीचें होतें, हा धडा मानेच्या इतिहासांत पुन्हा भेटतो.

गादी हीच दुखण्याचें मूळ असूं शकते ही गोष्ट वैद्यकास फार उशिरां उमगली. १९२८ सालीं न्यूयॉर्कचे बायरन स्टूकी यांनीं मानेच्या मज्जारज्जूवर पुढून दाबणाऱ्या गांठींचें वर्णन केलें. परंतु त्या कूर्चेच्या अर्बुदगांठी आहेत असाच त्यांचा समज होता. १९३४ मध्यें बॉस्टनचे मिक्स्टर व बार यांनीं अशा गांठी म्हणजे फुटून बाहेर आलेली गादीच होय, असें सिद्ध केलें. १९४३ मध्यें सेम्स व मर्फी या अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं मानेच्या सहाव्या गादीनें सातव्या तंतूवर दाब आलेल्या चार रोग्यांची हकीकत दिली. त्या रोग्यांचीं लक्षणें हृदयविकारासारखीं भासत होतीं. छातींतील कळ काळजाची नसून मानेची असूं शकते, हें ऐकून त्या वेळच्या वैद्यांस नवल वाटलें असल्यास आश्चर्य नाहीं. तथापि छातींतील कळेस आधीं हृदयाचीच मानून तपासावें, हा नियम त्यानें बदलत नाहीं.

दाब कोठें आहे तें कळलें; पण तेथवर जावयाचें कसें ? मानेच्या मागून गेलें तर मज्जारज्जु वाटेंत आडवा येतो आणि गादी त्याच्या पलीकडे राहते. हा पेंच अमेरिकेंत सुटला. १९५५ सालीं बाल्टिमोर येथील रॉबर्ट रॉबिन्सन व जॉर्ज स्मिथ यांनीं, आणि १९५८ सालीं होनोलुलु येथील राल्फ क्लोवर्ड यांनीं, समोरून जाण्याच्या पद्धति प्रसिद्ध केल्या. गळ्याच्या एका बाजूस लहानसा छेद घ्यावयाचा. श्वासनलिका व अन्ननलिका एका अंगास आणि मोठी धमनी दुसऱ्या अंगास सारावयाची. मधल्या नैसर्गिक वाटेनें थेट मणक्याच्या पुढील अंगावर उतरावयाचें. दुखरी गादी अशा रीतीनें पुरी काढतां येते आणि मज्जारज्जूस हात लावावा लागत नाहीं. मागें उरलेल्या पोकळींत रॉबिन्सन व स्मिथ यांनीं कमरेच्या हाडाचा चपटा तुकडा बसविला. क्लोवर्ड यांनीं गोल भोंक पाडून त्यांत हाडाची खुंटी ठोकली. कांहीं महिन्यांत वरचा मणका, मधलें हाड व खालचा मणका एकजीव होत.

भारतांत याच सुमारास मेंदु व मज्जारज्जूच्या शस्त्रविद्येचा पाया घातला जात होता. १९४९ सालीं डॉ. जेकब चांडी यांनीं वेलोर येथें या विषयाचा स्वतंत्र विभाग उघडला. १९५० नंतरच्या दशकांत मुंबईंत डॉ. राम गिंडे व डॉ. होमी दस्तुर यांनीं हें काम उभें केलें. चौलसारख्या गांवचा रोगी गळपट्ट्यावर दिवस काढी त्याऐवजीं त्याला शस्त्रक्रियेची वाट मोकळी झाली, ती या पिढीच्या श्रमांमुळें.

सांधणीची शस्त्रक्रिया यशस्वी झाली यांत शंका नाहीं. हाताची कळ बहुतेकांची जाते, आणि एकच जागा सांधली असली तर मान वळवितांना उणीव क्वचितच जाणवते, कारण उरलेले सांधे ती भरून काढतात. प्रारंभीं कमरेच्या हाडाच्या जखमेचें दुःख मानेच्या दुःखाहून अधिक रेंगाळे. पुढें धातूची पट्टी, स्क्रू व पोकळ पिंजरे आले आणि तो त्रास पुष्कळ कमी झाला. तरीहि या शस्त्रक्रियेचे दोन दोष राहिले. एक, हाड कधीं कधीं जुळत नाहीं; विशेषतः धूम्रपान करणाराचें. दुसरा दोष अधिक सूक्ष्म. दारांच्या रांगेंतील एक दार खिळून टाकलें तर वर्दळ शेजारच्या दारांवर पडते. सांधलेल्या मणक्याच्या वरच्या व खालच्या गादीवर असाच अधिक ताण येऊन ती लवकर झिजेल काय, ही शंका बळावूं लागली.

हालचाल राखण्याचे प्रयत्न या शंकेच्याहि आधीं झाले होते. १९६४ मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील राइट्झ व जूबर्ट यांनीं मानेच्या मणक्यांमध्यें पोलादी गोळ्या बसविल्याचें वृत्त दिलें. १९६६ मध्यें स्वीडनच्या उल्फ फर्नस्ट्रॉम यांनीं तशाच गोळ्यांचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. कल्पना मोहक होती : गोळी फिरेल, मणका हलेल. पण कठीण पोलादाचा सारा भार मणक्याच्या एका बिंदूवर येई आणि गोळी हळूहळू हाडांत रुते. गादीची उंची गेली, हालचाल गेली, पद्धति मागें पडली. त्याच दशकांत इंग्लंडमध्यें जॉन चार्नली यांचा कृत्रिम खुबा जगभर नांवाजला गेला. मानेंतील गोळीला मात्र तें भाग्य लाभलें नाहीं. खुब्याजवळ मज्जारज्जु नाहीं आणि खुब्याचा सांधा मुळांत उखळींतील गोळ्यासारखाच आहे. मानेची गादी तशी नाहीं. ती दबते, कलते, सरकते आणि वळते. इतक्या क्रिया एका गोळीकडून होण्यासारख्या नव्हत्या.

कृत्रिम गादीच्या खऱ्या प्रवासास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथें आरंभ झाला. फ्रेंचे रुग्णालयाचे शस्त्रवैद्य ब्रायन कमिन्स व त्यांचे सहकारी यांनीं धातूच्या दोन भागांचा, स्क्रूनें घट्ट बसणारा सांधा तयार केला आणि १९९८ सालीं २० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याच्या पुढील वर्षीं, १९९९ मध्यें, अमेरिकेंतून ॲलन हिलिब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. मणके सांधलेल्या ३७४ रुग्णांचा मागोवा घेऊन त्यांनीं दाखविलें कीं, दर वर्षीं सुमारें २.९ टक्के रुग्णांस शेजारच्या गादीचें नवें दुखणें जडतें, आणि दहा वर्षांत हा आंकडा चौथाईच्या घरांत जाण्याचा संभव असतो. या एका लेखानें कृत्रिम गादीच्या पुरस्कर्त्यांच्या हातीं मोठें शस्त्र दिलें. २००७ च्या जुलैमध्यें अमेरिकन सरकारच्या औषध-नियंत्रण खात्यानें ब्रिस्टलच्या गादीच्या सुधारलेल्या रूपास मान्यता दिली. २०१३ मध्यें एका गादीस एकाच वेळीं लगतच्या दोन जागीं वापरण्याचीहि परवानगी मिळाली.

परंतु त्याच लेखांत आणखी एक गोष्ट नमूद होती आणि ती क्वचितच सांगितली जाते. ज्यांचे अनेक मणके सांधले होते त्यांना शेजारचा विकार एकच जागा सांधलेल्यांहून अधिक नव्हे, तर उलट कमी झालेला आढळला. सांधणीच्या ताणानेंच शेजारची गादी झिजते असें असतें, तर लांब सांधणीनें ती अधिक झिजावयास हवी होती. यावरून शेजारच्या झिजेचा मोठा वांटा वयाचा व मूळ प्रकृतीचा असावा, असा अर्थ निघतो. जी मान एका जागीं झिजली ती दुसऱ्या जागींहि झिजण्याच्या वाटेवर असते. शस्त्रवैद्यानें काय बसविलें याची ती वाट पाहत नाहीं.

पुढें दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना करणाऱ्या चांचण्या झाल्या. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकावयाच्या रीतीनें करण्यांत आली आणि कांहींचा मागोवा सात व दहा वर्षेंपर्यंत घेतला गेला. त्यांचें सार असें कीं, हाताची कळ दोन्ही शस्त्रक्रियांनीं जवळजवळ सारखीच जाते. कृत्रिम गादी घेतलेल्यांत पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ कमी जणांवर आली. मात्र यांतील प्रमुख चांचण्यांचा खर्च त्या गाद्या तयार करणाऱ्या कंपन्यांनीं केला होता, आणि निवडलेले रुग्ण बहुशः मध्यम वयाचे, एक किंवा दोनच गाद्या बिघडलेले, हाडानें मजबूत असे होते. शिवाय कांहीं जणांच्या कृत्रिम गादीभोंवतीं नवें हाड वाढून तिची हालचाल थांबते. म्हणजे हालचालीसाठीं बसविलेली वस्तु शेवटीं सांधणीच होऊन बसते. अशा माणसासहि बहुधा त्रास होत नाहीं, हें विशेष.

याचें कारण शोधूं गेल्यास सर्व वादाचें मर्म हातीं लागतें. दोन्ही शस्त्रक्रियांचा पूर्वार्ध एकच आहे. गळ्याची तीच वाट, तोच छेद, तीच गादी काढणें, तंतूवरचा तोच दाब दूर करणें. रोग्यास आराम पडतो तो या पूर्वार्धानें. हाड भरावें कीं हलती गादी बसवावी हा प्रश्न रिकाम्या पोकळीचा आहे, आणि तिचें उत्तर आजच्या कळेशीं नव्हे तर पुढील १०-२० वर्षांशीं निगडित आहे. गिळतांना कांहीं दिवस होणारा त्रास आणि क्वचित् बसणारा आवाज हेहि दोन्हींत समान, कारण ते वाटेचे दोष आहेत.

या वादांत मुंबईचा शब्दहि महत्त्वाचा आहे. परळचें के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालीं सुरू झालें. तेथील डॉ. अतुल गोयल यांनीं डॉ. लाहेरी यांच्यासह १९९४ मध्यें पहिला व दुसरा मणका पट्टी व स्क्रूनें जोडण्याची नवी पद्धति प्रसिद्ध केली. हा सांधा निखळला म्हणजे मज्जारज्जूच्या वरच्या टोकावरच घाला पडतो, आणि तेथें श्वासोच्छ्वासाचेंहि नियमन असतें. २००१ मध्यें जर्मनीच्या युर्गेन हार्म्स यांनीं त्याच तत्त्वावर स्क्रू व दांड्यांची योजना केली. २००२ मध्यें गोयल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १६० रुग्णांचे निष्कर्ष मांडले. आज ही पद्धति दोघांच्या जोडनांवानें जगभर शिकविली जाते. येथें गादी नसल्यामुळें गादी बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. मान वळविण्याची निम्मी शक्ति देऊन प्राण व हातपाय वांचवावयाचे, असा हा सौदा आहे. आणि सांधा खरोखर निखळला असतां तो कोणासहि महाग वाटावयाचा नाहीं.

डॉ. गोयल यांनीं पुढें आणखी धीट विचार मांडला. मानेच्या साऱ्या झिजेचें मूळ गादींत नसून मणक्यांच्या मागील जोडसांध्यांच्या ढिलेपणांत आहे. ढिलेपणा थांबविला तर वाढलेलें हाड किंवा सरकलेली गादी काढण्याचेंहि कारण उरत नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन आहे. हें मत सर्वमान्य नाहीं आणि त्यावर वाद चालू आहे. तरी एवढें खरें कीं, पश्चिमेकडे हालचाल राखण्याचा ध्यास वाढत असतां मुंबईंतील एका शस्त्रवैद्यानें स्थैर्याची बाजू नव्या युक्तिवादानें मांडली. जपानमध्यें तिसराच मार्ग निघाला होता. १९७७ सालीं हिराबायाशी यांनीं मणक्यांच्या मागील कमानी दाराच्या फळीप्रमाणें एका बाजूनें उघडून मज्जारज्जूस जागा करून देण्याची युक्ति योजिली. तींत मणके सांधले जात नाहींत आणि गादीहि बदलावी लागत नाहीं. अनेक जागीं दाब असलेल्या वृद्धांस ती विशेष उपयोगी ठरली.

आतां हा इतिहास चौलच्या तीन मानांस लावून पाहावा. समजा, एक शिक्षिका आहे, वय ४०, एकच गादी सरकली आहे, हात दुखतो, मागील जोडसांधे निर्दोष आहेत, हाडें बळकट आहेत. तिच्यासाठीं कृत्रिम गादीचा विचार योग्य ठरेल, कारण तिच्या शेजारच्या गाद्यांना अजून पुष्कळ वर्षें काढावयाचीं आहेत. दुसरा, पोफळीवरून पडून मणका निखळलेला गडी. त्याच्या मानेंतील बंधनेंच तुटलीं आहेत. तेथें हलती गादी बसविणें म्हणजे मोडक्या चौकटींत नवें दार लावणें होय. त्याला सांधणीच हवी. तिसरी, सत्तरीची कोळीण. तीन-चार जागीं दाब, हाडें ठिसूळ, पाटी उचलतां येत नाहीं, पायांचा तोल जातो. तिच्या बाबतींत मज्जारज्जूवरचा दाब लवकर काढणें हेंच मुख्य. तो पुढून सांधून काढावा कीं मागून कमान उघडून, हें चुंबकीय चित्र पाहून ठरेल. तिच्या ठिसूळ हाडांत कृत्रिम गादी रुतण्याचें भय आहे, आणि ती गादी पिंजऱ्याहून महागहि पडते. तिन्ही माना एकाच गांवच्या. उत्तरें मात्र तीन.

आणि चौथी मान सर्वांत मोठ्या संख्येची आहे : जिला शस्त्र नकोच. भारतीय मज्जातंतुतज्ज्ञ डॉ. कुरुपथ राधाकृष्णन यांनीं सहकाऱ्यांसह अमेरिकेंतील रॉचेस्टर नगरांत १९७६ ते १९९० या काळांतील अशा ५६१ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शासच शस्त्रक्रिया करावी लागली. आणि शेवटच्या पाहणीच्या वेळीं दहांतील नऊ जण दुखण्यांतून मुक्त किंवा किरकोळ तक्रारीचे होते. विश्रांति, औषध, व्यायाम आणि सहा-आठ आठवड्यांचा धीर यांनीं पुष्कळ काम होतें. साठीच्या पुढील बहुतेकांच्या छायाचित्रांत झीज दिसतेच, मग त्यांना दुखो वा न दुखो. केवळ चित्र पाहून मान कापावयास देऊं नये. उलट गुंडी लागेनाशी होणें, अक्षर बिघडणें, चाल लटपटणें, लघवीवरचा ताबा जाणें, हातांतील जोर उतरत जाणें यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास धीर धरणें हीच चूक होते, कारण चेपलेला मज्जारज्जु एकदां सुकला म्हणजे दाब काढूनहि पूर्ववत् होईलच असें नाहीं. अशा वेळीं तेल चोळून घेणें किंवा न्हाव्याकडून मान मोडून घेणें धोक्याचें आहे.

तेव्हां घरांतील कोणावर हा प्रसंग आला तर शस्त्रवैद्यास ‘नवी कोणती ?’ असें न विचारतां चार गोष्टी विचाराव्या. दाब तंतूवर आहे कीं मज्जारज्जूवर ? मणके ढिले झाले आहेत काय ? मागील जोडसांधे व हाडें कशीं आहेत ? आणि शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल ? या चार उत्तरांतून निवड आपोआप उलगडत जाते. १८९१ च्या चांदीच्या तारेपासून आजच्या कृत्रिम गादीपर्यंतचा इतिहास हेंच सांगतो. क्षयानें किडलेल्या कण्यास हिब्ज यांनीं स्थैर्य दिलें तें बरोबर होतें. बिघडलेल्या गादीस कमिन्स यांनीं हालचाल दिली तेंहि बरोबर होतें. आणि पोलादी गोळी रुतली ती मणक्याचा स्वभाव न ओळखल्यामुळें. शस्त्रक्रिया रोगाच्या नांवावर ठरत नाहीं, ती त्या त्या मानेवर ठरते.